घायपात भिजत घाला, मी येतोय

ती. आई आणि आबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तीनदा सांगायला घेतलं आणि तीनदा ‘सगळं बरं आहे’ म्हणून ठेवून दिलं. म्हणून हे पत्र. माझी नोकरी गेली. शिमग्याच्या आधीच गेली. कंपनीनं आमची लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि आम्हा सगळ्यांचा हिशेब केला. तुमच्या सुनेचा पगार चालू आहे, पोरांची फी भरलेली आहे, तेव्हा पैशांचा घोर लावून घेऊ नका.

पहिला महिना वाईट गेला. सवयीनं सहाला उठायचो, दाढी करायचो, आणि मग जायचं कुठं? हात रिकामे राहिले की डोकं नको तिकडं धावतं. अशाच एका दुपारी माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं. आजीची दोन लुगडी, आई, तुझ्या चार-पाच साड्या. ती हिरवी इरकलही त्यात होती, काठ शाबूत आणि अंग विरून गेलेलं. भांडीवालीला द्यायचं म्हणून काढलं होतं, पण द्यायला हात होईना.

मग मी वाकळ शिवायला घेतली.

फरशी पुसून साड्या एकावर एक अंथरल्या. तू कोपऱ्यांवर पाटा नि तांब्या ठेवायचीस, मी डाळीचे डबे ठेवले. आधी कच्चा टाका, मग काठापासून धावदोरा, चौकटीच्या आत चौकट. पहिल्या दिवशी जेमतेम वीतभर झालं, तेही वाकडं. टाका एकेक करून ओढत होतो ना! चार दिवसांनी हाताला समजलं की कापड जरा मुडपायचं, सुईवर चार-पाच टाके भरायचे आणि मगच दोरा ओढायचा. तो ओढताना बारीक ‘सर्र’ आवाज येतो. आई, तुझ्या मांडीशी झोपायचो तेव्हा हाच आवाज कानावर असायचा. दोन काठ एकावर एक येतात तिथं सुई अडते, अंगुस्तानानं रेटावी लागते. तिथं दुसरं काही सुचतच नाही. त्या रात्री कितीतरी दिवसांनी सरळ पहाटेपर्यंत झोपलो.

आबा, तुमची आठवण मला अशीच शिवताना आली. १८ जानेवारी १९८२ ही तारीख तुम्ही आजही तोंडपाठ सांगता. अडीच लाख माणसं मुंबईच्या कापड गिरण्यांतून बाहेर पडली आणि तो संप कुणी मागे घेतलाच नाही, असं तुम्ही म्हणता. मी तेव्हा चार वर्षांचा. मला गिरणगावातली खोली पुसटच आठवते, भोंगा तर मुळीच नाही. आठवतात ते गावी आल्यावरचे तुमचे हात. ओढ्यातल्या डबक्यात कुजवलेली घायपाताची पानं, त्यांचा तो उग्र वास, बडवून धुऊन निघालेला पांढरा वाख, आणि मांडीवर वळला जाणारा दोर. त्या वर्षी वाडीतली एकही बाज तुम्ही सैल राहू दिली नाही. कुणी पायलीभर जोंधळे द्यायचं, कुणी नुसता चहा.

मला वाटायचं, आबांना बाजा विणायला फार आवडतं. गिरणीतल्या साच्यावर तुटलेला धागा चटकन सांधणारे ते हात एकाएकी रिकामे झाले होते, हे त्या वयात कसं कळणार? त्याच थंडीत आईनं तीन वाकळा शिवल्या. तुम्ही दोघं फार बोलत नव्हता. ओट्याच्या एका टोकाला दोर घेऊन तुम्ही, दुसऱ्या टोकाला सुई घेऊन ती. मधे मी खेळायचो, आणि मला घर भरलेलं वाटायचं. उपाशीपोटी काढलेले दिवसही त्यात असतील, पण तुम्ही ते आमच्यापर्यंत येऊ दिले नाहीत.

शेजारचे विचारतात, हे बायकांचं काम तुम्ही कशाला करता? मी दार उघडं ठेवून शिवतो. धाकटी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देते आणि शाळेतलं काय काय सांगते. एवढं ती माझ्याशी आधी कधी बोलली नव्हती, कारण मी घरीच नसायचो. वाकळ शिवून नोकरी मिळत नाही, मला ठाऊक आहे. अर्ज करतोच आहे, दोन ठिकाणी बोलावलंही आहे. पण आता मुलाखतीला जाताना पोटात गोळा येत नाही.

पाऊस लागायच्या आत चार दिवस येतो. आबा, ओट्यावरच्या बाजेला झोळ आलाय, नायलॉनची पट्टी लावतो म्हणालात, ती लावू नका. कुणाकडून तरी घायपात कापून घ्या आणि आजच भिजत घाला. वाख काढतो मी, दोरही वळतो. वीण तेवढी शेजारी बसून शिकवा.

आणि आई, वाकळ बरोबर आणतोय. अगदी मधली चौकट मी मोकळी ठेवली आहे. तिथं तुझे टाके पाहिजेत. ऑपरेशन झाल्यापासून सुई ओवायला दिसत नाही म्हणतेस, ती मी ओवून देईन.

तुमचा,
मोठा