सुट्टी लागली की हॉस्टेलला कुलूप कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

मी पुण्यात एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव लातूर जिल्ह्यात, औसा तालुका. परवा आमच्या हॉस्टेलच्या बोर्डावर नोटीस लागली, शेवटचा पेपर झाला की ४८ तासांत रूम खाली करा, मागे राहिलेल्या सामानाची जबाबदारी आमची नाही. दरवर्षीचंच आहे म्हणा. पण नवीन शैक्षणिक धोरणात आम्हाला ४ क्रेडिटचं ओजेटी आहे, म्हणजे १२० तास कुठेतरी कंपनीत नाहीतर लॅबमध्ये जाऊन काम करायचं, आणि ते आमच्यातल्या बऱ्याच जणींचं नेमकं सुट्टीतच लागलंय, माझं भोसरी एमआयडीसीत. कॉलेज म्हणतं पुण्यात थांब, त्याच कॉलेजचं हॉस्टेल म्हणतं गावाला जा. ऐकायचं कुणाचं?

महिन्याभरासाठी खोली बघायला गेलं तर कॉट बेसिसवाले आधी डिपॉझिटचं विचारतात आणि एका महिन्याचं म्हटलं की फोन ठेवून देतात. गेल्या मे मध्ये एन्ट्रन्सच्या अभ्यासासाठी थांबले होते तेव्हा मैत्रिणीच्या खोलीत आम्ही चौघी, दिवसा गाद्या भिंतीला उभ्या करून ठेवायच्या तेव्हा कुठे बसायला जागा व्हायची, आणि डबेवाल्या काकू पंधरा दिवस गावाला गेल्या म्हणून सकाळी पोहे रात्री वडापाव असं चाललेलं. खाजगी अभ्यासिकेत जागा मिळाली खरी पण ती पंख्याखाली नव्हती, पंख्याखालच्या खुर्च्या सगळ्या एमपीएससीवाल्यांच्या, पाण्याची बाटली ठेवलेली दिसली की समजून जायचं. इकडे कॉलेजची रीडिंग रूम मात्र बंद.

घरी जाऊन अभ्यास करा असं सर लोक सहज म्हणतात. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लाईट नसते, पत्र्याखाली बसवत नाही, त्यात लग्नसराई. आईला वाटतं पोरगी मोकळीच आहे, म्हणून बस्त्याला चल, हळदीला चल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून येणंजाणं परवडतं एवढंच, पण वाकडेवाडीवरून गादी, बादली आणि पुस्तकांची पेटी घेऊन एकटीनं रात्रीची गाडी पकडायची म्हणजे काय असतं ते कंडक्टरला विचारा.

हॉस्टेल बंद का तर म्हणे रंगरंगोटी आणि डागडुजी. गेल्या जूनमध्ये मैत्रीण परत आली तेव्हा भिंतीवरचे ओलीचे डाग होते तिथेच होते आणि बाथरूमची कडीसुद्धा तशीच तुटलेली.

आख्खं हॉस्टेल उघडं ठेवा असं कुणी म्हणत नाहीये. एक मजला ठेवा, ज्यांच्याकडे ओजेटीचं पत्र आहे किंवा परीक्षा आहे त्यांनाच द्या, महिन्याची फी घ्या, आम्ही भरू. मेस नको, डबा आम्ही लावून घेऊ. रीडिंग रूम रात्री दहापर्यंत उघडी राहिली तर फारच बरं.

आमचा शेवटचा पेपर १९ तारखेला आहे, २१ ला खोली सोडायची आहे. त्याआधी हे पत्र छापलंत तर वॉर्डन मॅडमना दाखवता येईल.

एक विद्यार्थिनी, पुणे