मुलांना पॅकेजबरोबर हप्ताही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावी आणि सीईटीचे निकाल लागले की नाशिकमधील घराघरांत शाखा कोणती, कॉलेज कोणते, पुण्याला जायचे की इथेच राहायचे, यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते. पैशांचा विषय मात्र आईवडील आपसांत दार लावून बोलतात. ज्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे, त्या मुलाला घराचे उत्पन्न आणि कर्जाचा बोजा ठाऊक नसतो, हे मला एक पालक म्हणून अत्यंत चुकीचे वाटते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागाईतदाराचे उत्पन्न एका अवकाळी पावसाने कोसळू शकते. ती अनिश्चितता मुलांना दिसत असते, पण तिचा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगत नाही.

महाविद्यालयांच्या जाहिरातीत झळकणारे सर्वाधिक पॅकेज, म्हणजे नोकरीतले वार्षिक वेतन, अनेकदा एकाच विद्यार्थ्याचे असते. त्याऐवजी मध्यक वेतन पाहावे, म्हणजे ज्या आकड्याच्या खाली निम्मे आणि वर निम्मे विद्यार्थी असतात तो आकडा. केंद्राच्या एनआयआरएफ या उच्चशिक्षण संस्थांच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांच्या माहितीत तो मिळतो. तोही केवळ नोकरी लागलेल्यांचा असतो, म्हणून किती जणांना नोकरी लागली हे शेजारीच तपासावे. शिवाय पॅकेजमध्ये कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतील वाटा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कमही बहुधा धरलेली असते, त्यामुळे वार्षिक आकड्याला बाराने भागून जे येते तेवढे हातात पडत नाही.

आता कर्ज पाहू. आठ लाख रुपये १० टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे ठरवले, तर मासिक हप्ता सुमारे १०,५७० रुपये येतो आणि एकूण परतफेड साडेबारा लाखांच्या पुढे जाते. शिक्षण चालू असताना साचणारे व्याज त्यात धरलेले नाही. पहिल्या नोकरीत हातात २५ हजार आले, तर त्यातले ४२ टक्के हप्त्यातच जातील. हा हिशेब मुलाने स्वतः कागदावर मांडावा आणि पालकांनी शेजारी बसावे. त्यानंतरही त्याने तोच अभ्यासक्रम निवडला, तर त्याच्या पाठीशी खंबीरपणे उभे राहावे. इतिहास किंवा मराठी शिकू इच्छिणाऱ्या मुलालाही हाच हिशेब दाखवावा, कारण तिथे कमाईची सुरुवात संथ असली तरी शुल्क आणि म्हणून कर्जही बहुधा कमी असते.

पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला अभियांत्रिकीत जाण्याचा मार्ग, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी करता करता विद्यावेतन मिळवण्याची सोय, या गोष्टी ‘कमी गुणवाल्यांसाठी’ म्हणून बाजूला सारल्या जातात, याचे मला फार वाईट वाटते. मुलींच्या बाबतीत तर आणखी एक माहिती घरोघर पोहोचायला हवी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून राज्य शासन भरते. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च तेवढा वेगळा मोजावा.

माझी आपणास विनंती आहे, की प्रवेशाच्या दिवसांत नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले शुल्क आणि उपलब्ध असेल तेथे मध्यक वेतन शेजारी-शेजारी छापावे. पसंतीक्रम भरायला मिळणाऱ्या मोजक्या दिवसांत ही माहिती शोधत बसणे बहुतेक पालकांना जमत नाही.

आपला,
एक पालक, इंदिरानगर, नाशिक