आपत्तिप्रवण भागातील घरांना विमा मिळालाच पाहिजे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पूर, भूकंप, चक्रीवादळ किंवा वणवा यांचा धोका असलेल्या भागात ज्यांची घरे आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना घराचा विमा मिळणे अवघड झाले आहे आणि ज्यांना तो मिळतो, त्यांना हप्ता परवडेनासा होत आहे. हा विमा कंपनी आणि ग्राहक यांच्यातील खासगी व्यवहार आहे असे समजून राज्यकर्ते त्यापासून दूर राहतात, हे मला मान्य नाही. घर २०-३० वर्षांच्या कर्जावर घेतले जाते, विम्याचा करार मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. कंपनी पुढच्या वर्षी त्या भागातून काढता पाय घेऊ शकते. घरमालकाला ती सोय नाही. ही विषमता बाजार आपणहून दूर करणार नाही, ती कायद्यानेच दूर करावी लागेल.

कंपन्यांची अडचण खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. एरवी लागणारी आग अनेक घरांपैकी एखाद्या घराला लागते आणि इतरांच्या हप्त्यांतून त्याची भरपाई होते, परंतु आपत्तीत साऱ्या वस्तीचे दावे एकाच दिवशी उभे राहतात. ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यावर ‘अँड्र्यू’ चक्रीवादळ आदळले, तेव्हा अनेक विमा कंपन्यांचे दिवाळे निघाले. म्हणूनच कंपन्या आपल्या जोखमीचा मोठा हिस्सा पुनर्विमा कंपन्यांकडे, म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडे, सोपवतात; आणि जगाच्या एका टोकाला मोठी हानी होऊन पुनर्विम्याचे दर चढले की दुसऱ्या टोकाच्या, काहीच न घडलेल्या गावातील हप्ताही वाढतो.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची स्थितीही फारशी बरी नसते. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीतून पूर आणि भूकंप दोन्ही वगळलेले असतात. पुरासाठी तेथील केंद्र सरकारला १९६८ मध्ये स्वतंत्र राष्ट्रीय योजना काढावी लागली, आणि तिची पॉलिसी सामान्यतः ३० दिवसांनंतर लागू होत असल्यामुळे वादळाची बातमी कानी आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. २००५ च्या ‘कॅटरिना’ वादळानंतर तर घर वाऱ्याने पडले की पाण्याने, या एका प्रश्नावर असंख्य कुटुंबांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, कारण वाऱ्याची भरपाई एका पॉलिसीत होती आणि पुराची दुसऱ्या पॉलिसीत, किंवा कुठेच नव्हती. वादळाच्या पॉलिसीत नुकसानापैकी घरमालकाने स्वतः सोसायची रक्कम अनेकदा ठरावीक आकड्यात न सांगता विमा रकमेच्या टक्केवारीत लिहिलेली असते, आणि ती किती मोठी होते हे बहुतेकांना दावा दाखल करतानाच कळते. विम्याची रक्कम ठरवतानाही लोक बाजारभाव पाहतात, वास्तविक पाहायला हवा तो पुनर्बांधणीचा खर्च, जो आपत्तीनंतर गवंडी, सुतार आणि साहित्य यांची एकदमच मागणी वाढल्याने आणखी फुगतो. भारतात विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आणली. तिच्यात पूर, भूकंप, वादळ आणि दरड कोसळणे यांचा समावेश आहे, शिवाय घराची विमा रक्कम कमी पडली म्हणून दाव्यात त्या प्रमाणात कपात करण्याची रीत तिने बंद केली. ही दिशा योग्य आहे, कारण सामान्य माणसाने अपवादांच्या कलमांचा अभ्यास करूनच पॉलिसी घ्यावी ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

पण पॉलिसी कितीही चांगली असली तरी ती विकायला कोणी तयार नसेल तर काय? येथे अन्य देशांचे अनुभव बोलके आहेत. न्यूझीलंडमध्ये १९४५ पासून भूकंपाच्या हानीसाठी सार्वजनिक निधी आहे. जपानने १९६४ च्या निइगाता भूकंपानंतर १९६६ मध्ये सरकारी पुनर्विम्याचा आधार असलेला भूकंप विमा सुरू केला. त्याची रक्कम घराच्या अग्निविम्याच्या ३० ते ५० टक्केच ठेवली जाते, म्हणजे पूर्ण घर पुन्हा उभे राहील असे आश्वासन न देता कुटुंबाला सावरण्यापुरते बळ देणे पसंत केले. फ्रान्सने १९८२ च्या कायद्याने मालमत्तेच्या विम्यात नैसर्गिक आपत्तीचे संरक्षण सक्तीचे केले आणि त्यासाठीचा अधिभार नदीकाठच्या घराला व उंचावरच्या घराला सारख्याच टक्केवारीने लावला. वर्षानुवर्षे १२ टक्के असलेला हा अधिभार १ जानेवारी २०२५ पासून २० टक्के झाला आहे. सर्वांनी थोडे अधिक भरावे आणि कोणालाही बाहेर ठेवू नये, हे तत्त्व मला न्याय्य वाटते.

मात्र या तत्त्वाला मर्यादा घातली नाही, तर उद्या पूररेषेच्या आत नवी वसाहत उभारणारा विकसकही सर्वांच्या वर्गणीतून निश्चिंत होईल. ब्रिटनने एप्रिल २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘फ्लड री’ या योजनेतील एक अट या दृष्टीने मोलाची आहे. विमा कंपन्यांवरील वार्षिक आकारणीतून पूरप्रवण घरांचा हप्ता आवाक्यात ठेवणारी ही योजना १ जानेवारी २००९ नंतर बांधलेल्या घरांना लागू नाही, आणि ती २०३९ मध्ये संपणार आहे. अर्थात जे आधीच तेथे राहतात त्यांना आधार, पण धोका ठाऊक असताना तेथे बांधणाऱ्यांना सवलत नाही. दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर ३० वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. हा हिशेब घर घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. बांधकामाला परवानगी देणाऱ्या यंत्रणेने आणि कर्ज देणाऱ्या बँकेने तो करारापूर्वी लेखी दिला पाहिजे.

घरमालकाने स्वतः केलेल्या कामाची दखल हप्त्यात घेतली जाणे हीही तितकीच निकडीची बाब आहे. छत भिंतींना पट्ट्यांनी घट्ट बांधणे, वीजमीटर आणि स्विचबोर्ड पुराच्या पातळीच्या वर नेणे, घराभोवतीचे वाळके गवत काढून वायुवीजनाच्या झरोक्यांना ठिणगी रोखणारी बारीक जाळी बसवणे, ही सारी कामे नुकसान प्रत्यक्ष कमी करतात. जपानच्या भूकंप विम्यात भूकंपरोधक रचनेच्या घराला हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते, आणि कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये वणव्यापासून घर सुरक्षित करणाऱ्यांना सूट देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. जेथे असा नियम नाही, तेथे खर्च करून घर मजबूत करणारा आणि काहीच न करणारा यांना केवळ परिसर पाहून एकच दर लागतो, आणि मग मजबुतीचा खर्च करावा तरी कशासाठी, असे लोकांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही.

कंपनीने नूतनीकरण नाकारल्यास त्याचे कारण लेखी द्यावे, घरमालकाला दुसरी सोय करण्यासाठी पुरेसा अवधी मिळावा आणि कोणत्या सुधारणा केल्यास विमा पुन्हा मिळेल हे स्पष्ट सांगावे, एवढी तरतूद तर ताबडतोब करता येईल. कॅलिफोर्नियाने २०१८ च्या कायद्याने, आपत्ती जाहीर झालेल्या वणव्याच्या क्षेत्रात आणि त्याला लागून असलेल्या भागात एक वर्षभर गृहविमा बंद करण्यास कंपन्यांना मनाई केली आहे. असा नियम पूर, भूकंप आणि चक्रीवादळ यांनाही लागू करावा, आणि ज्या घरांना कोणतीच कंपनी स्वीकारत नाही, त्यांची नोंद ठेवून ती दरवर्षी जाहीर करण्याचे काम नियामकाकडे सोपवावे, अशी माझी मागणी आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक