१७ सप्टेंबरची पुरवणी आणि माळ्यावरचे गठ्ठे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाची पुरवणी दरवर्षी निघते आणि दरवर्षी तीच निघते. स्वामी रामानंद तीर्थांचे छायाचित्र, सप्टेंबर १९४८ ची पोलीस ॲक्शन, उरलेल्या जागेत शुभेच्छुकांच्या जाहिराती. तिला आमची हरकत नाही. पण बहात्तरच्या दुष्काळातली खडी फोडायची कामे, जायकवाडीच्या पाण्यात गेलेली गावे, नामांतराचे मोर्चे, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचे किल्लारी परिसरातले दिवस हे सगळे गावाच्या नावानिशी छापले ते जिल्ह्याच्या दैनिकांनी आणि तालुक्याच्या साप्ताहिकांनी. ते अंक आज माळ्यावर सुतळीने आवळून पडले आहेत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायचा असतो. पण तिथे असेलच या भरवशावर घरचा गठ्ठा रद्दीत घालू नये.

वृत्तपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन ऊन आणि हवेने तांबूस पडते, आम्ल सुटते आणि आधी घडीवर तुकडा पडतो. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात हे फार वेगाने होते. त्यात आपण भर घालतो: सुतळी कडा कापते, प्लास्टिकच्या गोणीत ओल कोंडते, टाचणी गंजते, सेलोटेपचा डिंक अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन तर करूच नये, ते परत काढता येत नाही. अंक घडी उलगडून आडवे ठेवावेत, थप्पी वीतभरापेक्षा उंच नको, फळी जमिनीपासून अर्धा फूट वर आणि भिंतीपासून चार बोटे दूर, म्हणजे वाळवी चढताना दिसते. कडुनिंबाचा पाला थेट अंकात घातला तर डाग पडतात.

छायाचित्रण करताना मोबाइलचा फ्लॅश बंद. दोन्ही बाजूंनी तिरके दिवे, कॅमेरा स्टँडवर, पान पूर्ण सपाट. बाइंडरने फार आत शिवलेल्या फायलीत आतला कॉलम निम्मा गिळला जातो. अशी फाइल दाबू नये, शिवण उसवून घ्यावी. ३५ बाय ५५ सेंटीमीटरचे पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), रंग न घेता करड्या छटांत, साधारण २७ एमबी होते. आठ पानी दैनिकाचे वर्षाचे ३५० अंक धरले तर ७५ जीबी. म्हणजे दहा वर्षे एका हार्ड डिस्कवर मावतात. मात्र दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी वेगळ्या गावात हवी.

नव्वदनंतरचे अंक संगणकावर आहेत म्हणून निर्धास्त राहू नये. पाने जुळवायच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली आज सहज उघडत नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर पीडीएफमध्ये छान दिसतो, पण ‘वसमत’ म्हणून शोधा, काही सापडत नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्यावा लागतो, आणि जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात, म्हणून एकदा वाचून काढणे आलेच.

खरे काम सूचीचे आहे, आणि नेमके तेच कोणी करत नाही. मथळ्यावरून केलेली सूची फारशी कामाची नाही. ‘ग्रामस्थांचा संताप’ या मथळ्यावरून गाव कसे कळणार? रकाने असे हवेत: तारीख, पान, गाव, तालुका, तेव्हाचा जिल्हा, आत्ताचा जिल्हा, विषय, व्यक्ती, छायाचित्र आहे की नाही. तेव्हाचा जिल्हा मुद्दाम लिहायचा. १९८१ पर्यंतचा जालना औरंगाबादेत, १९८२ पर्यंतचे लातूर उस्मानाबादेत आणि १९९९ पर्यंतची हिंगोली परभणीत सापडेल. जुन्या कागदांत अंबाजोगाई म्हणजे मोमिनाबाद. निजामकाळातले फसली साल (तेव्हाच्या सरकारी कालगणनेचे) आले तर इसवी सन काढायला ऑक्टोबर ते डिसेंबरमधल्या तारखेत ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवावेत: फसली १३५७ चा आरंभ १९४७ सालचा, पण पोलीस ॲक्शन त्याच १३५७ मधली. इथे एका वर्षाची चूक सर्रास होते.

आणि आजपासूनची एक विनंती. छायाचित्राखाली ‘उपस्थित मान्यवर’ छापणे बंद करावे. डावीकडून नावे, गाव, तारीख एवढ्या तीन गोष्टी पुरेत. वीस वर्षांनी ते मान्यवर कोण होते हे त्यांच्या नातवालाही सांगता येत नाही.

पुढच्या १७ सप्टेंबरच्या पुरवणीत एक पान आपल्याच जुन्या अंकांतल्या एकाच तालुक्याच्या सूचीला द्यावे, आणि नाव न कळलेली पाच छायाचित्रे क्रमांक घालून छापावीत. ओळख पटवणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे उत्तरासोबत नोंदवून ठेवावे.

आपले,
जुन्या वृत्तपत्रांच्या सूचीचे काम करणारे काही वाचक, परभणी