मंत्रीमहोदय, किल्ल्यातला तो चर कोणाचा?

प्रति,
माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

आपल्या कामाच्या व्यापात एका पेन्शनर माणसाचं पत्र आपल्यापर्यंत पोहोचेल याची खात्री नाही, म्हणून सगळ्यांदेखत लिहितो. माझ्या थोरल्या बहिणीचं, वय वर्षं ७४, उजवं मनगट मोडलं आहे. वसई किल्ल्यात, सेंट जोसेफ चर्चच्या पडक्या दारासमोर. तिथे केबलसाठी खणलेला चर उघडाच होता आणि वर गवत माजलं होतं. याच चराबद्दल मी गेल्या वर्षी लेखी तक्रार केली होती. ‘पावसाळ्यापूर्वी बुजवण्यात येईल’ असं जावक क्रमांकासकट उत्तरही आलं होतं. पावसाळा येऊन गेला. कोणता पावसाळा, ते मात्र उत्तरात लिहिलं नव्हतं.

ताई नाशिकची. नारोशंकराच्या देवळातली घंटा लग्न झाल्यापासून तिच्या रोजच्या वाटेवर. १७२१ साल कोरलेली ती घंटा मराठ्यांनी वसई जिंकल्यावर तिकडे गेली, असं सांगतात. गोदावरीचं पाणी घंटेला लागलं की नाशिककर महापूर आला म्हणतात. ‘जिथून ती घंटा आली ते गाव तरी दाखव रे एकदा,’ असा तिचा धोशा होता. किल्ल्यात सात चर्चांचे अवशेष. म्हटलं, गावच्या मुख्य चर्चपासून सुरुवात करू. सेंट जोसेफ म्हणजे पोर्तुगीजांच्या वसईचं मात्रिझ, पॅरिशचं चर्च. १५४६ मधलं. गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांच्या काळात, १६०१ मध्ये, ते नव्याने उभारलं, तसा शिलालेखच आहे. छप्पर नाही, पण मनोरा अजून ताठ उभा.

तो शिलालेख नीट दिसावा म्हणून ताईने चष्मा बदलला आणि एक पाऊल मागे सरली. बस्स.

पुढचं काय सांगू? पाणी नाही, बसायला धड दगड नाही, हाक मारावी असा माणूस नाही. समोर लग्नाआधीचं फोटोशूट चाललेलं, रंगीत धूर सोडून. त्यातल्याच दोन पोरांनी ताईला उचलून रिक्षापर्यंत आणलं, देव त्यांचं भलं करो. तिच्या मनगटात प्लेट बसवावी लागली. तिला सावरताना माझी कंबर भरली ती अजून सुटत नाही, बीपीची गोळी एकाची दोन झाली, आणि भाचा फोनवर मलाच बोलतो, ‘मामा, तिला तिथे न्यायची गरज काय होती?’ आहे का उत्तर? तुमच्याकडे असेल तर कळवा.

मग सुरू झाली खातेवारी. किल्ला एकाचा, रस्ता दुसऱ्याचा, केबल तिसऱ्याची, गवत बहुधा देवाचं. चर मात्र कोणाचाच नाही. एका साहेबांनी मला शांतपणे विचारलं, ‘तुम्ही आत कशाला गेलात?’ अहो, चर्च आत आहे म्हणून! दाराशी निळा फलक आहे. स्मारकाला इजा कराल तर दोन वर्षं कैद, नाहीतर लाख रुपये दंड, नाहीतर दोन्ही. फारच छान कायदा. पण तुमच्या निष्काळजीपणाने माणसाला इजा झाली तर काय, याचा फलक कुठे लावलाय?

आणि तो कायदा तरी कोण पाळतंय? शिलालेखापासून हातभर अंतरावर कुणा प्रेमवीराने खिळ्याने बदाम कोरून ठेवलाय, सवडीने, खोल. सरकारनेच २०२२ साली संसदीय समितीला सांगितलं की देशातली ५० संरक्षित स्मारकं नाहीशी झाली. १४ शहरांनी खाल्ली, १२ धरणांत गेली आणि २४ चा पत्ताच लागत नाही. तेव्हाच्या ३,६९३ स्मारकांपैकी पहारेकरी फक्त २४८ ठिकाणी! इमारती हरवतात तुमच्या, इमारती! माझी छत्री बसमध्ये राहिली तर मी रात्रभर झोपत नाही.

खरं दुखणं सगळ्यांना माहीत आहे. बोलत कोणी नाही. वसईविजयाच्या दिवशी, ती जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला हार घालायला सगळे येतात, गाड्यांना जागा पुरत नाही. चर्चकडे बघायला कोणाला वेळ नसतो, कारण ते ‘त्यांचं’. त्यांचं म्हणजे कोणाचं हो? पोर्तुगीज गेले १७३९ मध्ये. पापडीत, रमेदीत, नंदाखालला रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाणारी माणसं इथलीच आहेत, घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोलतात. पोर्तुगीजांनी देवळं पाडली हे मला शिकवू नका, मी तीस वर्षं तेच शाळेत शिकवलं. पण शाळेत मी हेही शिकवलं की अप्पांनी शरण आलेल्या पोर्तुगिजांना ठरल्याप्रमाणे सामानसुमानासह बाहेर पडू दिलं. हजारो माणसं गमावून किल्ला घेतला आणि शत्रूला दिलेला शब्द पाळला. तुम्हाला स्वतःच्या नागरिकाला दिलेला, जावक क्रमांक घातलेला शब्द पाळता येत नाही, आणि तोही एका चराबद्दलचा!

तर साहेब, मागणं थोडकं आहे. चर बुजवा. मराठीत एक धड माहितीफलक लावा. बायाबापड्यांसाठी एक स्वच्छतागृह आणि एक पहारेकरी द्या. हॉस्पिटलच्या बिलाची झेरॉक्स जोडली आहे. पैसे नकोत, नुसती वाचा. आणि ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’ हे उत्तर कृपा करून पाठवू नका, ते माझ्याकडे आधीच आहे.

आपला,
एक वसईकर, निवृत्त इतिहासशिक्षक