रात्री दात खाणं म्हणजे जंत नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्याच्या पानावर दातांबद्दल बरंच येतं, कीड, ब्रश कसा करावा, मुलांना चॉकलेट देऊ नका वगैरे, पण झोपेत दात खाण्याबद्दल कधी काही वाचल्याचं मला तरी आठवत नाही म्हणून हे पत्र. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघते. मार्च एंडिंग म्हणजे काय असतं ते या लाइनीतल्या माणसालाच कळेल, थकीत कर्जदाराला फोन करून दातांच्या कण्या करायच्या आणि रात्री घरी येऊन तेच दात कराकरा खायचे, असं माझं दोन वर्षं चाललं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

पत्ता कसा लागणार, आपण झोपेत असतो ना. आमचे हे म्हणायचे, रात्री उंदीर काहीतरी कुरतडल्यासारखा आवाज येतो. सासूबाईंचं म्हणणं, पोटात जंत झालेत. मुलगा लहानपणी दात खायचा तेव्हाही त्या हेच म्हणायच्या आणि त्याला दोनदा जंताचं औषध पाजलंही होतं. त्याचं पुढे आपोआप थांबलं, लहान मुलांचं बहुतेक वेळा थांबतंच, पण श्रेय मात्र औषधाला गेलं! 44 वर्षांच्या बाईचं असं आपोआप थांबत नाही.

मला सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असायचा, जांभई दिली की कानापाशी कट्ट आवाज, आणि दोन्ही कानशिलं ठणकायची. आधी डोकेदुखीच्या गोळ्या झाल्या, मग कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले कान एकदम साफ आहे. मग दाढ दुखायला लागली. डेंटिस्टनी एक्स-रे काढला, रूट कॅनल केलं, कॅप बसवली, सगळे मिळून आठ हजार गेले आणि आठ महिन्यांत कॅपचा टवका उडाला. त्यांचं नाव मी घेत नाही, माणूस वाईट नाही, पण रात्री झोप लागते का, कामाचा काही ताण आहे का, हे त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. फॉर्मवर शुगर, बीपी, ॲलर्जी सगळं होतं, झोपेचा रकाना नव्हता.

दुसऱ्या डॉक्टर मॅडमनी आधी तोंडात नुसतं बघितलं. दातांची टोकं घासून सपाट झालेली, जिभेच्या कडेला दातांचे ठसे, गालाच्या आत पांढरी रेघ. मग गालावर बोट दाबून म्हणाल्या, दात आवळा. तो स्नायू एवढा टणक लागला की मीच दचकले. याला ब्रुक्सिझम म्हणतात, साधारण दहातल्या एका मोठ्या माणसाला झोपेत असं होतं असं त्यांनी सांगितलं. ताण हे मोठं कारण, पण एकटं नाही, जास्त चहा-कॉफी, तंबाखू, दारू याने वाढतं, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही होतं (म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना सांगायचं), आणि जो माणूस जोरात घोरतो, मध्येच श्वास अडकून दचकतो, त्याने आधी झोपेची तपासणी करून घ्यावी. कोरोनाच्या काळात हे सगळीकडेच वाढलं होतं, अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2021 च्या पाहणीत 70 टक्क्यांच्या आसपास डेंटिस्टनी असे पेशंट वाढल्याचं सांगितलं होतं.

उपचार म्हणून मला नाइट गार्ड मिळाला. दातांचं माप घेऊन कडक ॲक्रिलिकचा बनवतात, रात्री वरच्या दातांवर बसवायचा. पहिला आठवडा नुसती लाळ, आणि बोलताना बोबडं, घरातले सगळे हसले. ऑनलाइन चारशे रुपयांत मऊ गार्ड मिळतो, गरम पाण्यात टाकून चावून बसवायचा, तो मी आधी घेऊन बघितला होता, रात्रभर च्युइंगम चघळल्यासारखा चावत बसायचे, जबडा उलट जास्तच दुखला. पण एक गोष्ट मॅडमनी स्पष्ट सांगितली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, गार्डमुळे दात खाणं थांबत नाही, फक्त घासायला दाताच्या जागी प्लास्टिक मिळतं. दातावरचं इनॅमल एकदा गेलं की परत येत नाही म्हणून तो घालायचा. माझ्या गार्डवर वर्षभरात खड्डे पडलेत ते बघितले की पटतं.

दिवसा करायचं मात्र आपल्याच हातात आहे. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, हीच जबड्याची आरामाची पोझिशन, हे मला चव्वेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. जेवताना आणि गिळताना सोडून दात एकमेकांना टेकायलाच नकोत म्हणे! मी कॉम्प्युटरच्या कडेला एक टिकली चिकटवलीय, तिच्याकडे नजर गेली की जबडा सैल सोडायचा, आणि सुरुवातीला दर वेळी दात आवळलेलेच सापडायचे, खास करून फोनवर. त्याशिवाय गालाला गरम पाण्याचा शेक, संध्याकाळी पाचनंतर चहा बंद, दुखणं होतं तोवर भडंग आणि ऊस बंद (कोल्हापूरकरांना हे सांगणं म्हणजे शिक्षाच), आणि काउन्सेलरकडे सहा वेळा गेले. लोक काय म्हणतील म्हणून तिथे जायला मी सगळ्यात जास्त वेळ लावला आणि खरा फरक तिथेच पडला. ज्यांना काउन्सेलर परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

बोटॉक्सचं इंजेक्शनही देतात, स्नायू ढिला पडतो, पण तीन-चार महिन्यांत असर उतरतो आणि खर्च परत तेवढाच, त्यामुळे ते पहिल्याच फटक्यात घ्यायचं नाही असं मॅडमचं मत. आणि कुणी "तुमचे दात नीट बसत नाहीत, थोडे घासून देतो" म्हणालं तर दुसरीकडे विचारल्याशिवाय हो म्हणू नका, घासलेला दात परत उगवत नाही.

माझी विनंती एवढीच की आरोग्याच्या पानावर एकदा यावर एखाद्या डेंटिस्टकडून सविस्तर लिहून घ्या, शक्यतो फेब्रुवारीत, मार्च एंडिंगच्या आणि दहावी-बारावीच्या परीक्षांच्या आधी. आणि डेंटिस्ट मंडळींना विनंती, फॉर्मवर झोपेचा एक रकाना वाढवा. माझी कॅप परत बसवायला साडेपाच हजार लागले आणि मेडिक्लेममध्ये असला दातांचा खर्च धरतच नाहीत, ते वेगळंच.

आपली,
एक वाचक, जि. कोल्हापूर