मॉरिशसचे मतदान आणि १९७२ची जनगणना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मॉरिशसच्या निवडणुकीच्या बातम्यांत आपल्याकडे कोण जिंकले एवढेच येते. तिथल्या जागावाटपाची पद्धत मात्र अनेकांना ठाऊक नसते, म्हणून हे पत्र.

मुख्य बेटाचे २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा. पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर असलेल्या रॉड्रिग्जला दोन. एकूण ६२. मुख्य बेटावरच्या मतदाराने बरोबर तीन नावांपुढे फुल्या मारायच्या. कमी किंवा जास्त झाल्या की मतपत्रिका बाद. लोक बहुधा तिन्ही मते एकाच आघाडीला देतात, त्यामुळे लाट आली की विरोधक पुरते वाहून जातात. १९८२, १९९५ आणि २०२४ साली मुख्य बेटावरच्या साठही जागा एकाच आघाडीला मिळाल्या.

मग उपयोगी पडतात त्या ‘बेस्ट लूझर’च्या कमाल आठ जागा. त्या पडलेल्या उमेदवारांतून भरतात. हिंदू, मुस्लिम, चिनी आणि बाकीचे सगळे म्हणजे ‘सामान्य लोकसंख्या’ असे चार गट घटनेत आहेत. गटाच्या लोकसंख्येला त्याच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या संख्येत एक मिळवून भागायचे. ज्याचा भागाकार मोठा, त्याला जागा. समजा मुस्लिम सहा निवडून आले आणि चिनी एकही नाही. १ लाख ३७ हजार भागिले सात, म्हणजे साडेएकोणीस हजारांच्या आसपास. चिनी २४ हजार भागिले एक, म्हणजे २४ हजारच. जागा चिनी उमेदवाराला. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता अशा दिल्या जातात. पुढच्या देताना, पहिल्या चारांमुळे पक्षांचे बलाबल बिघडू नये हेही पाहतात.

हे आकडे मात्र १९७२च्या जनगणनेतले आहेत. १९८२ साली जनगणनेतून ‘तुम्ही कोणत्या समाजाचे’ हा प्रश्नच काढून टाकला आणि पद्धत तशीच ठेवली. उमेदवाराला अर्जात स्वतःचा समाज लिहावा लागतो. एवढ्या जुन्या आकड्यांसाठी ही सक्ती करणे हक्कांचा भंग आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ साली म्हटले. त्यानंतर २०१४ साली फक्त एका निवडणुकीपुरती समाज न लिहिण्याची सूट मिळाली.

ही तरतूद आली ती भीतीतून. १८३४पासून उसाच्या मळ्यांसाठी मद्रास, कलकत्ता आणि मुंबई बंदरांतून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आले आणि हिंदू निम्म्याहून अधिक झाले. १९६७च्या निवडणुकीत चाळीस टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली. १२ मार्च १९६८च्या स्वातंत्र्याआधी जानेवारीत राजधानी पोर्ट लुईत दंगलही झाली. अल्पसंख्याकांना ही हमी हवीच होती. कोकणातून गेलेल्या आपल्या माणसांचे वंशज मात्र तिथे हिंदू गटातच मोजले जातात. तमिळ, तेलुगू यांचेही तसेच.

म्हणून ही पद्धत सरसकट रद्द करा, हे म्हणणे आम्हाला पटत नाही. वर सांगितलेल्या तिन्ही निवडणुकांत मुख्य बेटावरच्या विरोधकांना सभागृहाची दारे याच जागांनी उघडली. न्यायमूर्ती आल्बी साक्स यांच्या आयोगाने २००२ साली प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या, म्हणजे पक्षांना मतांच्या प्रमाणात मिळणाऱ्या, ३० जागा वाढवण्याची शिफारस केली होती. आधी त्या द्याव्यात, मगच समाजाचा रकाना काढावा. तिथल्या पुढच्या निवडणुकीचा निकाल छापताना जागांबरोबर मतांची टक्केवारी आणि या नेमलेल्या सदस्यांची संख्याही द्यावी, ही विनंती.

— काही वाचक, रत्नागिरी